मेलकावेरीतील कथेची तबकडी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादकांनी आग्रह धरला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. केंद्र सरकारच्या नोकरीत टिपणे लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने लेख लिहू नये, हेच बरे. परंतु मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात एका सभासदाच्या घरून जुना रेकॉर्ड प्लेअर आणण्यात आला, त्यावर एक तबकडी फिरू लागली आणि सुई टेकताच जो खरखर आवाज झाला, त्याने आम्ही थेट कावेरीकाठच्या आमच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्या खरखरीमागे थोडा इतिहास आहे, थोडी आमची चूकही आहे. दोन्ही सांगण्याचा हा प्रयत्न.

आमचे बालपण मेलकावेरी येथे गेले. हा तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम शहराचाच एक भाग. कुंभकोणम म्हटले की कुंभेश्वराचे व शारंगपाणीचे देऊळ, बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा, विड्याची पाने, पितळी भांडी आणि कॉफी एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या गावात पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत, हे मात्र महाराष्ट्रातील फार थोड्यांना ठाऊक असते. इ.स. १६७६ मध्ये व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरचे राज्य हाती घेतले आणि ते १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाकडे राहिले. या जवळजवळ १८० वर्षांत कारभारी, शास्त्री, शिलेदार, गवई, कीर्तनकार असे कितीतरी लोक कावेरीच्या खोऱ्यात येऊन स्थिरावले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. आमचे पूर्वज एवढे मोठे नव्हते. ते हिशेबनीस होते, आणि हिशेबनिसीचा वारसा आमच्यापर्यंत चालत आला, एवढेच.

आमच्या घरात मराठी बोलली जाई, पण ती लिहिली जाई तमिळ लिपीत. शाळेत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा. देवनागरी अक्षरे आम्ही शिकलो ती दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांसाठी. म्हणजे आमची मातृभाषा आम्हांस कानाने मिळाली होती, डोळ्यांनी नव्हे. कानाने मिळालेली वस्तू कानानेच हरवते, हे कळावयास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

कथा ऐकणारा मुलूख

कथा ऐकण्याची आवड ही तंजावरच्या मातीतील गोष्ट आहे. मराठी राजांच्या काळात समर्थ संप्रदायाचे मठ या प्रदेशात स्थापन झाले आणि त्यांच्याबरोबर कीर्तनही आले. तंजावरच्या परंपरेतील अनंतपद्मनाभ गोस्वामी, म्हणजेच मेरुस्वामी, त्रावणकोरला स्वातितिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले आणि त्या राजाला त्यांच्या कीर्तनाने इतके वेड लावले, की त्याने स्वतः कुचेलोपाख्यान आणि अजामिलोपाख्यान यांवर कीर्तनासाठी रचना केल्या. पुढे १८६४ च्या सुमारास मोरगावकर रामचंद्रबोवा चातुर्मासासाठी तंजावरास आले. त्यांची कीर्तने ऐकून तेथील गवयांनी तोंडात बोटे घातली. त्यांच्या पद्धतीला कर्नाटक संगीताची जोड देऊन कृष्ण भागवतर यांनी तमिळमधील हरिकथेला, म्हणजे तेथील भाषेत ‘कथाकालक्षेपम्’ला, आकार दिला. पुढे सी. सरस्वतीबाईंनी पुरुषांच्या या व्यासपीठावर स्त्रियांसाठी जागा करून घेतली.

यातील नवल असे, की कथा तमिळ झाली तरी तिचा सांगाडा मराठीच राहिला. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ भागवतर आपल्याच नावांनी गातात. ज्यांना मराठीचे एक वाक्य समजत नाही, अशा श्रोत्यांना दिंडी कोठे संपली आणि साकी कोठे सुरू झाली, हे बरोबर कळते. राज्य गेले, दफ्तरातील मोडी अक्षर वाचणारे विरळ झाले, पण वृत्ते राहिली. सत्तेपेक्षा चाल अधिक टिकते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

कथा तबकडीवर कशी चढली

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यास झाला. गौहरजान हिने त्या वेळी गायिलेल्या तबकड्या सुप्रसिद्ध आहेत. त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचाच मजकूर मावे. गाणे तीन मिनिटांत बसविता येते. रागाचा विस्तार आवरून गवई ते करीत. पण कथेचे काय? तीन मिनिटांत सीतेचे हरणसुद्धा पुरते होत नाही. म्हणून नाटकांचे आणि पौराणिक कथांचे संच निघू लागले. एका कथेसाठी अनेक तबकड्या एकामागून एक लावावयाच्या, दर वेळी चावी द्यावयाची आणि सुई बदलावयाची. मद्रासमध्ये १९३२ च्या सुमारास ए. व्ही. मेय्यप्पन आणि त्यांच्या भागीदारांनी सरस्वती स्टोअर्स काढून ओडियन कंपनीच्या तबकड्यांचा व्यवसाय केला. हेच मेय्यप्पन पुढे ए.व्ही.एम. या चित्रसंस्थेचे संस्थापक म्हणून विख्यात झाले.

१९४८ मध्ये अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी निघाली. ती लाखेची नव्हती, विनाइल या नव्या द्रव्याची होती. पडली तरी सहसा फुटत नसे, आणि बारीक चरांमुळे एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावे. काही वर्षांनी ती आपल्याकडेही डमडमच्या कारखान्यात तयार होऊ लागली. कथेला आता ऐसपैस जागा मिळाली. आमच्या बालपणी तमिळ मुलखात लग्नकार्यात आणि देवळाच्या उत्सवात कर्ण्यावर ‘तिरुविळैयाडल’ (१९६५) चित्रपटाचे संवाद लागत. शिव आणि गरीब कवी धरुमी यांचा संवाद पाठ नाही, असा मुलगा आमच्या वर्गात नव्हता. त्यात शिवाची भूमिका करणारे शिवाजी गणेशन यांचे मूळ नाव गणेशन. अण्णादुरै यांच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियार रामस्वामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ हे नाव दिले, आणि तेच जन्मभर राहिले. हिंदीत ‘शोले’च्या (१९७५) संवादांची तबकडी अशीच गाजली. ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता, त्यांनीही तो ऐकला होता.

आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आला तो १९७९ मध्ये. अप्पांनी तो एका बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून जुना विकत घेतला. लहान पेटीसारखा, विजेवर आणि बॅटरीवर चालणारा. मेलकावेरीत वीज मनात येईल तेव्हा जात असल्यामुळे बॅटरीची सोय मोठी होती. त्याला ओसरीवर जागा मिळाली नाही. तो आतल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या फळीखाली बसला. शनिवारी संध्याकाळी दिवा लागल्यावर अप्पा धुतल्या हातांनी तबकडी काढीत, मऊ फडक्याने एका दिशेने पुशीत, आणि आम्ही भावंडे मांडी घालून बसत असू. सुईला हात लावण्याचा अधिकार फक्त अप्पांचा. आजी थोडी दूर, खांबाला टेकून, वाती वळीत ऐकत असे.

महामहमचे पाहुणे

१९८० साली महामहमचा योग होता. त्या निमित्ताने पुण्याहून आमची आत्या, आतोबा आणि त्यांची मुले आमच्याकडे आली. आतोबांनी अप्पांना एक तबकडी भेट दिली: ‘शिवकल्याण राजा’. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षे झाली, त्या १९७४ साली ती निघाली होती. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गाणी लता मंगेशकरांची, आणि गाण्यांच्या मध्ये निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे.

ते निवेदन ऐकणे हा आमच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग होय. घराबाहेर मराठी बोलणारा असा भरदार आवाज आम्ही तोपर्यंत ऐकलाच नव्हता. मराठी ही स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यापाशी, फार तर ओसरीवर बोलावयाची भाषा. तिच्यात कोणी असा नगाऱ्यासारखा बोलतो, हे आम्हांस नवे होते. निम्मे शब्द कळत नव्हते. तरी आम्ही ते पाठ केले. महिनाभरात आमचा पाठ असा झाला, की तबकडी जेथे किंचित अडखळे, तेथे आम्हीही अडखळत असू.

पुण्याच्या भावंडांना आमच्या मराठीची मोठी गंमत वाटे. आम्ही तोंड उघडले की ती एकमेकांकडे पाहून हसत. त्यांचा दोष नव्हता. तीनशे वर्षांपूर्वी निघालेली आणि वाटेत तमिळचे पाणी प्यालेली भाषा त्यांनी पूर्वी कोठे ऐकली असणार? परंतु दहा वर्षांच्या मुलाला इतिहास समजत नाही, हसणे समजते. पाहुणे गेल्यावर आम्ही ठरविले, की यापुढे तबकडीसारखेच बोलावयाचे. आणि एका संध्याकाळी आजी काही सांगत असता आम्ही तिला मध्येच अडवून म्हणालो, “आजी, तू बोलतेस ती मराठी चुकीची आहे. खरी मराठी तबकडीतली.”

अप्पांनी डोळे वटारले. आजी मात्र रागावली नाही. तिने हातातली वात पुरी केली, आणि मग म्हणाली, की तबकडीत सांगितले ते खरेच आहे, पण ते अर्धे आहे. कीर्तनात पूर्वरंग झाल्यावर उत्तररंग असतो. या तबकडीत उत्तररंग नाही. तो आपल्या मुलखात घडला. तिचे नेमके शब्द आज आम्हांस सांगता येत नाहीत. अर्थ तेवढा हाती राहिला आहे.

आजीचा उत्तररंग

त्या रात्री आजीने व्यंकोजीराजांची कथा सांगितली. आम्ही पुढे ग्रंथांतून ती ताडून पाहिली. तपशिलाचे थोडे फरक सोडता आजी चुकली नव्हती.

राज्याभिषेकानंतर तीन वर्षांनी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले आणि जिंजी घेऊन कोल्लिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळपाडी येथे उतरले. कोल्लिडम ही कावेरीचीच शाखा. महाराजांनी धाकट्या सावत्र भावाला भेटीस बोलाविले. व्यंकोजीराजे आले, काही दिवस राहिले, प्रेमाच्या गोष्टी झाल्या. मग वडिलांच्या, शहाजीराजांच्या दौलतीतील वाट्याचा विषय निघाला. त्यावर काही जुळेना. एका रात्री व्यंकोजीराजे कोणास न सांगता नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. महाराजांना याचा फार विषाद वाटला. आपण काय भावाला कैद करणार होतो, असे त्यांना झाले. पुढे महाराज परतल्यावर दोन्ही सैन्यांत लढाई झाली आणि तीत तंजावरकरांचा पराभव झाला.

येथपर्यंत आजी सावकाश सांगे. मग दीपाबाई आल्या की तिचा आवाज बदले. दीपाबाई व्यंकोजीराजांच्या राणी. त्यांनी नवऱ्याला समजावले, की थोरल्या भावाशी वैर धरू नये, तह करावा. तह झाला, आणि बंगळूर, होस्कोटे, शिरे हा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. पुढे व्यंकोजीराजे उदास होऊन विरक्तीच्या गोष्टी करू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहून बजावले, की रिकामे बसू नये, वैराग्य म्हातारपणी, आता पराक्रम करावा. ते पत्र प्रसिद्ध आहे. एवढा मोठा राजा, ज्याच्याशी लढाई झाली त्याच भावाला, वडीलकीने धीर देतो. आजीच्या कथेत विजय कोणाचा झाला, याला महत्त्व नव्हते. घर मोडता मोडता राहिले, आणि ते एका बाईने राखले, याला होते. कथा संपली की ती हात जोडी आणि आम्हांला गूळखोबरे देई.

या राजघराण्याने आपली कथा दगडावरही कोरून ठेवली आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. आम्ही ते प्रथम पाहिले तेव्हा देवनागरीतील ती ओळींमागून ओळ पाहून आम्हांस तबकडीचे चर आठवले. फरक एवढाच, की या चरांवर सुई टेकविता येत नाही. मराठी आहे, पण आवाज नाही.

आमची चूक

१९८५ मध्ये आखातातून आलेल्या एका नातेवाइकाने घरी टेपरेकॉर्डर आणला. अप्पांनी हौसेने आजीला समोर बसवून तिची कथा टेप केली. साठ मिनिटांची कॅसेट; एका बाजूस तिरुमळपाडीची भेट, दुसरीवर दीपाबाई. आजी प्रथम संकोचली, मग यंत्र विसरून गेली आणि नेहमीसारखी बोलू लागली. कॅसेटवर अप्पांनी तमिळ लिपीत नाव लिहिले आणि ती कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी, आम्ही सतरा वर्षांचे असता, तिरुच्चिरापळ्ळी आकाशवाणीवर नवी चित्रपटगीते लागणार होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. आम्ही कपाटातील कॅसेट काढली आणि तीवर गाणी भरली. त्यात आम्हांस काही विशेष वाटले नाही. आजी घरात होती, कथा केव्हाही सांगू शकत होती. कॅसेट महाग होती. एवढाच आमचा हिशेब. हिशेबनिसांच्या घराण्यातील तो सर्वांत चुकीचा हिशेब ठरला.

१९८९ मध्ये आजी गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी अप्पांनी कॅसेट मागितली. आम्ही ती त्यांच्या हाती दिली आणि काय झाले ते सांगितले. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी ती यंत्रात घातली आणि दोन्ही बाजूंची सारी गाणी बसून ऐकली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी गाणी संपतात आणि फीत संपावयाची असते, तेथे काही सेकंद उरले होते. त्यांत आजीचे खाकरणे होते आणि तिने कोणाला तरी मारलेली हाक होती. हाक आमच्या नावाची नव्हती, बहुधा अक्काच्या. आजीचा एवढाच आवाज आमच्या घरात उरला.

पुण्याची बदली

पुढे नोकरीत आमची पुण्यास बदली झाली. आम्ही मोठ्या विश्वासाने तबकडीची मराठी बोलू लागलो. मंडईत एका भाजीवाल्या मावशींना आम्ही वांग्यांचा भाव विचारला, तेव्हा त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, नाटकात काम करता का?” मग आमच्या ध्यानात आले, की तबकडीची मराठी ही व्यासपीठाची होती, बाजाराची नव्हे. खरी मराठी एकच असते, आणि ती तबकडीत असते, हा आमचा बालपणाचा सिद्धान्त दोन रुपयांच्या कोथिंबिरीपाशी कोसळला. पुण्याची एक, कोल्हापूरची दुसरी, वऱ्हाडची तिसरी. तशीच मेलकावेरीची एक. आजीची मराठी चुकीची नव्हती. ती फक्त लांबच्या गावची होती.

२००४ च्या महामहमला आम्ही मुलांना घेऊन मेलकावेरीस गेलो. रेकॉर्ड प्लेअर देव्हाऱ्याच्या फळीखालीच होता, पण बंद. ‘शिवकल्याण राजा’ची तबकडी मात्र आम्ही बरोबर आणली. ती आता आमच्या इकडच्या घरी आहे. तिच्यातील निवेदनाचा धनी १५ नोव्हेंबर २०२१ रोजी गेला आणि गाणारी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी. दोघांचे आवाज आहेत आणि राहतील. कोणीही, केव्हाही, हवे तितके वेळा ऐकावेत. मोठ्या माणसांचे आवाज जग जपते. घरातील माणसांचे आवाज घरानेच जपावे लागतात, ते दुसरे कोणी जपत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांपाशी एक विनंती. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तात नाटकांच्या, हळदीकुंकवाच्या आणि सार्वजनिक सत्यनारायणाच्या नोंदी आहेत. ज्या आजी-आजोबांनी परक्या गावात ही मराठी आणली, त्यांचा आवाज मात्र त्यात नाही. आमच्या लहानपणी आवाज जपावयास कारखाना लागे. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये तो कारखाना आहे. घरी म्हातारे माणूस असेल तर त्याला समोर बसवावे, कोणती तरी कथा सांगावयास लावावी आणि मध्ये बोलू नये. त्यांची मराठी नागपुरी असो, मालवणी असो, बेळगावची असो की तंजावरची. ती सुधारावयास जाऊ नये. आणि टेप झाल्यावर त्यावर गाणी भरू नयेत.

आजीची ती कथा आम्ही आमच्या मुलीला अनेकदा सांगितली. आता ती आपल्या मुलास सांगते, थोडी इंग्रजी मिसळून. परवा दीपाबाईपाशी आल्यावर तिचा आवाज बदलला. आम्ही तो तिला न सांगता टेप करून ठेवला आहे.

मंडळाची शताब्दीकडे निर्वेध वाटचाल होवो, ही कुंभेश्वराच्या चरणी प्रार्थना.